अकरानंतरचं बटण

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला खोलीतल्या पाहुण्यानं हाक मारली. "काका, टीव्हीचा आवाज मधेमधे जातोय. वायर लूज आहे वाटतं."

मी गेलो. रत्नागिरीजवळ आरे-वारेला समुद्राकडे तोंड करून माझ्या चार खोल्या आहेत. पुण्या-कोल्हापूरची मंडळी येतात. हे नवरा-बायको पलंगावर बसून इंग्रजी सिनेमा बघत होते. पडद्यावर दोन माणसं भांडत होती. एकानं तोंड उघडलं की आवाज गडप, दुसरा बोलला की परत. खालच्या ओळीत शब्दाच्या जागी चार फुल्या. मी मागची वायर हलवून बघितल्यासारखं केलं (धंद्यातली जुनी सवय, गिऱ्हाइकाला बरं वाटतं) आणि सांगितलं, "वायर ठीक आहे. मुंबईहूनच कापून आलंय."

"साडेअकरा वाजता? इथे लहान मूल कोण आहे?"

मी हसून बाहेर आलो. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण हेच काम मी स्वतः केलेलं आहे. अंधेरीच्या एसी ऑफिसात नव्हे, घरामागच्या पडवीत.

१९९६ ते २०१४ या काळात आमच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांना मी केबल देत होतो. पडवीत एक लोखंडी रॅक, त्यात प्रत्येक चॅनलचा एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, दोन टेबलफॅन आणि भिंतीवर गणपती, एवढीच माझी कंट्रोल रूम. बाहेर जांभ्याच्या चौथऱ्यावर दोन मोठ्या छत्र्या. खारा वारा कनेक्टर खायचा, पावसाळ्यात छत्री फिरायची, वीज पडली की रस्त्यावरचे बूस्टर जळायचे. एकशे चाळीस कनेक्शनं. गावात मला नावानं कोणी हाक मारत नसे. "केबल आला गो, पैसे काढ," असं.

रॅकमधलं सातवं खोकं एका रशियन चॅनलचं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव रशियन लिपीत यायचं. त्या लिपीतला 'व' इंग्रजी 'बी'सारखा दिसतो, म्हणून मॉस्कोचं टीव्ही सिक्स आख्ख्या हिंदुस्थानात 'टीबी सिक्स' झालं. ते फुकट मिळायचं. शेजारच्या गावातल्या केबलवाल्याकडे अठ्ठावीस चॅनलं आणि माझ्याकडे सत्तावीस, तेव्हा आकडा भरायला मी ते घेतलं. दिवसा त्यावर काय चालायचं ते कोणी पाहिलं नाही. शनिवारी मध्यरात्रीनंतर काय चालायचं ते मात्र दोन आठवड्यांत सगळ्या वाड्यांना माहीत झालं.

१९९८ सालच्या एका रविवारी सकाळी सातला गुरुजी दारात. मला पाढे त्यांनीच शिकवले. चहासुद्धा घेतला नाही. "घरात सून आहे, नात आहे. रात्री उठून पाणी प्यायला गेलो तर माझाच मुलगा आवाज बंद करून बसलेला. तू माझा विद्यार्थी ना रे?"

त्या शनिवारपासून रात्री अकराला मी सातव्या खोक्याचं बटण बंद करू लागलो. सकाळी सहाला परत चालू.

पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत तीन जण भेटले. एकेकटे. एक जेटीवर, एक रेशनच्या रांगेत, एक चक्क देवळाच्या पायरीवर. तिघांचं एकच. "केबल, त्या चॅनलला काय झालं रे? रशियातल्या बातम्या बऱ्या असायच्या." तिघांपैकी एकालाही रशियन येत नव्हतं. एकाला तर बातम्यांचंच वावडं होतं. मी म्हटलं, "छत्री हलली असेल. बघतो." आणि बघितलं नाही. गुरुजींची तक्रार उघड होती, या तिघांची झाकलेली. उघड तक्रार जिंकली.

आज टीव्हीवर रात्री जे कापलं जातं, ते याच हिशेबानं.

कायदा तेव्हाही होता. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियमन कायदा १९९५ चा. त्याच्या नोंदणीसाठी मी रत्नागिरीच्या हेड पोस्टात पन्नास रुपये भरले होते, आणि दर वर्षी ती नोंदणी नवी करावी लागे. केबलवाल्याची नोंदणी पोस्टात का, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. त्या नियमांत कार्यक्रम-संहिता आहे: सुरुची आणि सभ्यतेला धरून नसलेलं दाखवू नये, मुलं मोठ्या संख्येनं बघत असतील त्या वेळी मुलांना अयोग्य ते दाखवू नये. मोडलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गंमत बघा, सिनेमा बनवणार हॉलिवूडवाला, दाखवणार मुंबईचं नाहीतर मॉस्कोचं चॅनल, आणि हातात बेडी पडली तर ती आरे-वारेच्या केबलवाल्याच्या. ती कैदेची तरतूद २०२३ साली काढून टाकली. तोवर मी धंदा सोडून नऊ वर्षं झाली होती.

खरी कात्री आली ती २००४ नंतर. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली: केबलवर 'ए' प्रमाणपत्राचे सिनेमे सर्रास दाखवले जातात, ते थांबवा. न्यायालयानं डिसेंबर २००५ मध्ये ते थांबवायला सांगितलं. पुढच्या ऑगस्टात मुंबईत पोलिसांचे छापे पडले, इंग्रजी सिनेमांची चॅनलं काही काळ अंधारात गेली, आणि तेव्हापासून आजपर्यंतचा नियम पक्का झाला: टीव्हीवर फक्त 'यू' आणि 'यूए'. सिनेमा 'ए' असेल तर आधी कापा, सेन्सॉर बोर्डाकडून 'यूए' करून आणा, मग दाखवा.

बाईंचा मुद्दा मला पटतो. दुपारी तीन वाजता घरी एकटं असलेलं पोर आणि पडद्यावर वाट्टेल ते, हे चालत होतं, आणि केबलवाले म्हणून आम्ही डोळेझाक करत होतो. आमच्यातले काही तर रात्री व्हीसीआर लावून स्वतःचं वेगळं दुकान चालवायचे. पण औषध असं दिलं गेलं की दुपारी तीन आणि रात्री तीन एकाच मापात. थिएटरात अठरा वर्षांच्या माणसाला तिकीट काढून जो सिनेमा बघता येतो, तोच साठीच्या माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या कनेक्शनवर, मध्यरात्री एक वाजताही बघता येत नाही. २०२३ साली सिनेमाचा कायदा बदलला. 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले, आणि 'ए' सिनेमाला टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र देता येईल अशी सोय झाली. ऐकायला बरं वाटतं. अर्थ मात्र जुनाच, की टीव्हीवर यायचं तर अंगचं थोडं कापून या.

इंग्लंडात रात्री नऊ ही वेळ ठरलेली आहे. नऊनंतर पहाटे साडेपाचपर्यंत मोठ्यांचं राज्य. अमेरिकेत रात्री दहा ते सकाळी सहा. नऊच्या त्या रेषेला इंग्रज 'वॉटरशेड' म्हणतात. आंबा घाटाच्या डोक्यावर उभं राहिलं की पावसाचं पाणी जिथे ठरवतं की मी समुद्राला जाणार की कृष्णेला, ती रेषा. आपल्याकडेही अशी रेषा कागदावर आहे. २०११ साली चॅनलवाल्यांच्या संघटनेनं स्वतःची तक्रार परिषद स्थापन केली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले आणि दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झालेले अजित प्रकाश शहा तिचे पहिले अध्यक्ष. कार्यक्रमांचे दोन गट ठरले: एक सगळ्यांसाठी, दुसरा मर्यादित, आणि मर्यादित गटाची वेळ रात्री अकरा ते पहाटे पाच. घाटमाथा आहे, पण पाणी दोन्हीकडे सारखंच गाळून सोडतात. अकरानंतरही बीप आहेच.

असं का, ते मला पुतण्यानं सांगितलं. तो अंधेरीला एका चॅनलसाठी एडिटिंग करतो. कार्यक्रम तयार झाला की तो आधी एका विभागाकडे जातो. त्याला हे लोक 'एस अँड पी', म्हणजे स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, म्हणतात. तिथून यादी येते. अमुक मिनिटाला शब्द म्यूट, तमुक मिनिटाला गळ्याखाली ब्लर, इथे बाटलीवर ब्लर, हा शॉट बदला, या तीन सेकंदांत बघणाऱ्याचा चेहरा टाका. रात्रीच्या कार्यक्रमाची जाहिरात दिवसा लागते, म्हणून तिची वेगळी, धुतलेली प्रत. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण, त्याची आणखी वेगळी प्रत. आता कोण एका कार्यक्रमाच्या चार प्रती करत बसणार? वेळ नाही, माणसं नाहीत. मग पहिल्यांदाच इतकं कापायचं की चारही वेळांना चालेल. अकराचा कार्यक्रम म्हणून दुपारी तीनच्या मापानं शिवलेला असतो.

मी त्याला विचारलं, "पण बघणाऱ्याला काय वाटेल, याचा विचार कोण करतं?"

"काका, बघणाऱ्याला काय वाटेल हा प्रश्न यादीत नसतोच. तक्रार येईल का, एवढाच असतो."

आणि तक्रारीची भीती उगाच नाही. २००७ च्या जानेवारीत एएक्सएन दोन महिन्यांसाठी बंद केलं, जाहिरातींवरच्या एका कार्यक्रमापायी. त्याच वर्षी एफटीव्ही दोन महिने. २०१० साली एफटीव्ही पुन्हा नऊ दिवस. २०१३ साली कॉमेडी सेंट्रल दहा दिवस. एक कार्यक्रम चुकला तर शिक्षा आख्ख्या चॅनलला. वर्गात एकानं शिट्टी मारली म्हणून सगळ्या वर्गाला बाकावर उभं करायचं, तसं. मग वर्गातली सगळी मुलं तोंडावर बोट ठेवून बसतात. इंग्रजी चॅनलांवर 'बीफ' हा शब्द गाळलेला मी स्वतः पाहिलाय, आणि तो खाण्याच्या कार्यक्रमात. कोणी तक्रार केली होती म्हणून नव्हे. करील म्हणून.

'द डर्टी पिक्चर'चा दिवस मला तारखेसकट आठवतो. रविवार, २२ एप्रिल २०१२. सोनीवर दुपारी बारा आणि रात्री आठ अशा दोन वेळा जाहीर होत्या. विद्या बालनला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालेला. पन्नासहून जास्त ठिकाणी कापून सिनेमा 'यूए' करून घेतलेला, म्हणजे नियमाप्रमाणे दुपारीही चालण्यासारखा. आमच्या वाडीत बायकांनी भात लवकर लावला होता. बारा वाजले, आणि सिनेमा नाही. दिल्लीहून सांगणं आलं होतं की रात्री अकरानंतर दाखवा. चॅनलनं तो काढूनच घेतला.

सव्वाबारापासून माझा फोन. "केबल, तूच बंद केलास ना? गुरुजींनी सांगितलं असेल." मी शपथा घेतोय, की अरे, मी नाही, दिल्लीनं केलं. कोणाचा विश्वास नाही. गुरुजी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तरी माझं सातवं खोकं कोणी विसरलं नव्हतं. एका आजींनी तर सुनावलं, "आम्हांस काय समजत नाय, असं वाटतं तुला?" आजींचं वय तेव्हा ऐंशीच्या आसपास.

आता त्याच आजींचं दुसरं सांगतो. दादा कोंडक्यांचा सिनेमा मराठी चॅनलवर लागला की त्या सकाळपासून सांगत फिरायच्या. दुपारी चटईवर अख्खं घर, पोरं पुढे, आजी मागे भिंतीला टेकून. दादांच्या तोंडून एकेक वाक्य असं यायचं की सरळ घेतलं तर शेतीभाती आणि तिरकं घेतलं तर तोबा. पोरं सरळ घ्यायची, आजी तिरकं घ्यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. माझ्या अठरा वर्षांत दादांबद्दल एकही तक्रार आली नाही. इंग्रजी सिनेमात नवरा-बायकोनं एकमेकांचा मुका घेतला की मात्र यायची. तेव्हा तक्रार अश्लीलतेची असते असं मला वाटत नाही. ती अनोळखीपणाची असते. परक्यानं केलं की तक्रार, घरच्यानं केलं की चेष्टा.

आणि तक्रारी करतं कोण? पुतण्यानंच सांगितलेली अमेरिकेतली गोष्ट. २००४ साली फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सनचं वस्त्र अर्धा सेकंद सरकलं. तिथल्या प्रक्षेपण आयोगाकडे पाच लाखांवर तक्रारी आल्या. चॅनलला साडेपाच लाख डॉलर दंड झाला; पुढे तो कोर्टात टिकला नाही. पण मला आवडलं ते त्याच्या आदल्या वर्षाचं. २००३ साली त्या आयोगाकडे अश्लीलतेच्या जेवढ्या तक्रारी आल्या, त्यांतल्या ९९.८ टक्के एकाच संघटनेच्या खटपटीतून आल्या होत्या, असा अंदाज आयोगाच्याच आकड्यांतून बाहेर आला. आख्खा देश खवळलाय असं वाटत होतं, आणि खवळलेली एकच खोली होती. आमच्याकडे ती खोली म्हणजे गुरुजींची ओसरी.

गुरुजींची मी चेष्टा करतो असं कोणी समजू नये. ते समोर येऊन बोलले. नाव लपवलं नाही. मी उलट विचारू शकत होतो, आणि विचारलंही. दोन-तीनदा मी त्यांचं ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी कनेक्शन तोडलं नाही आणि मीही त्यांच्या पाया पडायचं सोडलं नाही. आज टीव्हीच्या तळाशी पट्टी सरकते: आक्षेप असल्यास या पत्त्यावर कळवा. २०२१ च्या नियमांनी त्याला पायऱ्याही दिल्या. चॅनलनं चोवीस तासांत पोच द्यायची, पंधरा दिवसांत निकाल द्यायचा, तिथे समाधान नाही झालं तर संघटनेच्या परिषदेकडे, मग सरकारकडे. चांगली व्यवस्था आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या पट्टीवर एक वाक्य मी कधी वाचलेलं नाही: तुम्ही विनाकारण कापलंत, अशी तक्रार असल्यास कळवा.

या अंगानं मी स्वतः एक चूक केलेली आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

२००३-०४ च्या सुमारास एका मराठी चॅनलवर रात्री साडेअकराला एका डॉक्टरबाईंचा कार्यक्रम लागायचा. बायकांचे आजार, पाळी जाताना होणारे त्रास, मूल नको असेल तर काय करावं, असं सगळं त्या सरळ शब्दांत बोलायच्या. लोक पत्रं पाठवायचे, त्या वाचून उत्तरं द्यायच्या. गुरुजींच्या ओसरीवर विषय निघाला. "हे काय उघड्यावर बोलायचं?" मी फार विचार केला नाही. सातव्यासारखंच अकराव्या खोक्याचंही बटण रात्री बंद करायला लागलो. कोणी काही बोललं नाही. एकही तक्रार नाही. मला वाटलं, बरोबर केलं.

सहा-सात महिन्यांनी शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींकडे महिन्याचे पैसे घ्यायला गेलो. नवरा बोटीवर. त्या पैसे देताना दाराकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, त्या डॉक्टरबाई आता नाही का येत?" मी म्हटलं, "कोण?" म्हणाल्या, "काही नाही. दोन पत्रं टाकली होती. उत्तर कधी आलं असेल तर कळलं नाही."

दोन पत्रं. आरे-वारेहून मुंबईला, पोस्टानं. उत्तर आलं असेल त्या रात्री त्या कदाचित टीव्हीसमोर बसल्या असतील आणि पडद्यावर मुंग्या. केबलवाल्याच्या दारात येऊन 'तो कार्यक्रम लाव' असं सांगणं त्यांना शक्य नव्हतं. काय सांगणार? कशासाठी हवा, तर काय म्हणणार? रशियन बातम्यांचा बहाणा करायला पुरुष लागतो.

त्या रात्री मी अकरावं बटण चालू ठेवलं. कार्यक्रम केव्हाच संपलेला होता.

म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये सरकारनं चॅनलांना सांगितलं की निरोधच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळात दाखवा, तेव्हा मला पहिल्यांदा वहिनी आठवल्या. मग काही दिवसांनी खुलासा आला की रोख फक्त उत्तान जाहिरातींवर आहे, माहिती देणाऱ्यांवर नाही. पण चॅनलवाला बारकावे बघत बसत नाही. त्याला तक्रार नको असते. एकदा का विषयावर 'रात्रीचा' असा शिक्का बसला की त्यातलं घाणेरडं आणि गरजेचं एकाच गोणीत जातं. आणि रात्रही कापायची म्हटल्यावर ती गोणी ठेवायला जागा उरत नाही.

आठ वाजताच्या मालिकांचं काय, हे मला कोणीतरी सांगावं. जेवणाच्या वेळी, पोरं समोर असताना, सासू सुनेच्या दुधात काहीतरी मिसळते, नवरा थोबाडीत मारतो आणि तीच थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. तिथे म्यूट नाही, ब्लर नाही. माझ्या नातीनं पाच वर्षांची असताना बाहुलीला थप्पड मारून तीनदा मान फिरवली होती. चुंबन तिनं टीव्हीवर अजून पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. रात्री अकरा ते पहाटे पाच हा वेळ चॅनलवाल्यांनी स्वतः ठरवलेला आहे, तर तो खरोखर मोठ्यांना द्या. 'ए' सिनेमा 'ए' म्हणून, न कापता दाखवू द्या. सेट-टॉप बॉक्सला कुलूप आहे, आकडा टाकल्याशिवाय न उघडणारं. ते त्या चॅनलना आधीपासून लावूनच द्या. आमच्या छत्रीच्या काळात ही सोय नव्हती, तेव्हा मीच कुलूप होतो. आता घरोघरी बॉक्स आला. केबलच्या डिजिटलीकरणाची शेवटची मुदत २०१७ च्या मार्चअखेर संपली, तरी कात्री मात्र छत्रीच्याच काळातली. आणि सात ते दहा या वेळात, जेव्हा खरोखर मुलं बसलेली असतात, तेव्हा कडक व्हा. तिथे माझी नात बघत असते. साडेअकराला माझा पाहुणा बघत असतो.

कोणी म्हणेल, टीव्ही आता बघतंच कोण, सगळं मोबाइलवर आहे. खरं आहे. माझ्या खोल्यांत उतरणारी पोरं टीव्ही चालूही करत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं अठरा आणि २०२५ च्या जुलैत पंचवीस ॲप बंद केले, त्यातले बरेचसे गल्लाभरू होते, त्यांच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण ती दुकानं का चालली, याचा थोडा तरी दोष बीपकडे जातो. शहाण्या दिग्दर्शकानं मोठ्यांसाठी केलेलं चार फुल्यांत झाकलं, की माणूस शहाणपणाकडे जात नाही. जिथे फुल्या नाहीत तिथे जातो.

आमच्या कोकणाला ही रेषा नवी नाही. शिमग्यात होळीभोवती जी बोंब होते आणि जे शब्द निघतात, ते एरवी कोणी उच्चारले तर भांडण होईल. त्या दिवशी नाही. नमनाचा खेळ रात्री सुरू होतो. आधी नमन, मग गण, मग गवळण. तेव्हा सगळे जागे. संकासुर येतो काळा झगा, मुखवटा आणि कमरेची घुंगरं घेऊन, आणि रात्र जशी चढते तशी त्याची जीभ सैल होते. तोवर पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली. कोणी फर्मान काढलं नव्हतं की अकरानंतर. मृदंगवाला समोरची मांडणी बघून ओळखायचा. संकासुराला पुढच्या रांगेत गुरुजी दिसले की तो तेच वाक्य असं वळवायचा की गुरुजीही हसतील. मोकळं सोडणं आणि आवरणं, दोन्ही माणसं बघून.

गेल्या शिमग्यात मी नमनाला बसलो होतो. संकासुर नवा, विशीतला, अंगात चांगली लय. पहाटे दोनचा सुमार. त्याचं नेहमीचं वाक्य आलं, जे मी लहानपणापासून ऐकत आलोय, मावशीच्या घागरीवरचं. त्यानं तोंड उघडलं आणि थांबला. समोर सात-आठ मोबाइल वर धरलेले, त्यांचे दिवे त्याच्या मुखवट्यावर. मृदंगवाल्यानं दोन थापा जास्त मारल्या, त्याला वेळ दिला. पोरगं काहीतरी पुटपुटलं आणि पुढच्या वाक्यावर गेलं. नंतर विंगेत मला म्हणालं, "काका, कोण कुठे टाकील सांगता येत नाय. मागच्या वर्षी एका मंडळाला फोन आले होते."

पण ते नंतर. त्या क्षणी सगळे गप्प होते, आणि चटईवरून, मागून, आता नव्वदी पार केलेल्या आजींचा आवाज आला:

"काय बोल्लास? मोठ्यान बोल की मेल्या, ऐकू नाय आलं."